‘काढलेले’ नागरिकत्व

आपल्या समाजात अलीकडे एक वाक्य फार सहजपणे कानी पडते. ‘अमक्याने कॅनडाचा पासपोर्ट काढला.’ कोणी ऑस्ट्रेलियाचा काढतो, कोणी न्यूझीलंडचा, आणि गोव्याकडील आपले काही बांधव पोर्तुगालचा काढतात. रेशनकार्ड काढावे, रेल्वेचा पास काढावा, सातबाराचा उतारा काढावा, त्याच सहजतेने हा पासपोर्टही काढायचा. ज्या कृतीत माणूस एका राष्ट्राचा हात सोडून दुसऱ्या राष्ट्राचा हात धरतो, आणि तोही चारचौघांच्या साक्षीने शपथ घेऊन, त्या कृतीला आम्ही ‘काढणे’ हे क्रियापद लावले आहे. या क्रियापदाविरुद्ध आमची तक्रार आहे आणि ती मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करतो. परदेशी गेलेल्यांना दोष देण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. भारत सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी आपले नागरिकत्व सोडले. २०२३ साली ही संख्या २,१६,२१९ होती. एवढ्या माणसांना कृतघ्न म्हणणे हा शुद्ध आततायीपणा होय. त्यांच्यापैकी कित्येकांनी पाठविलेल्या पैशावर गावाकडची घरे उभी राहिली, धाकटी भावंडे शिकली, म्हाताऱ्या आईबापांची औषधे आली. प्रवचनपीठावरून त्यांना ‘देश सोडून पळालेले’ म्हणणारे आमचे काही धर्मबंधू आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. देशांतर हे पाप नव्हे. आमचा आक्षेप जाण्याला नाही. जाऊन तेथे जो शब्द दिला जातो, त्या शब्दाला कवडीमोल समजण्याला आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरात आमच्या एका बालमित्राच्या नागरिकत्व-समारंभास उपस्थित राहण्याचा योग आम्हांस आला. आमचे हे स्नेही वसईचे. पाच वर्षांत किमान १,०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष वास्तव्य करण्याची अट त्यांनी पुरी केली होती. वीस प्रश्नांपैकी पंधरांची उत्तरे अचूक द्यावी लागतात, ती परीक्षाही ते उत्तीर्ण झाले होती, हे सांगताना त्यांच्या स्वरात शाळकरी मुलाचा अभिमान होता. सभागृहात निरनिराळ्या देशांतून आलेली साठ-सत्तर माणसे आपापल्या उत्तम पोशाखात बसली होती. काळा झगा परिधान केलेल्या न्यायाधीशांनी प्रथम त्या भूमीच्या मूळ निवासींचे स्मरण केले. मग सर्वांना उभे राहून उजवा हात वर करण्यास सांगण्यात आले. शपथ इंग्रजीत झाली, पाठोपाठ फ्रेंचमध्ये झाली. आमच्या पुढल्या रांगेत एक सीरियन आजोबा होते. फ्रेंच शब्द त्यांच्या जिभेवर अडखळत होते, पण एकही शब्द त्यांनी गाळला नाही. उंचावलेला हात थरथरत होता आणि डोळ्यांतील पाणी पुसण्यासाठीसुद्धा त्यांनी तो खाली घेतला नाही.

समारंभ संपला, प्रमाणपत्रे वाटली गेली, राष्ट्रगीत झाले, छायाचित्रे निघाली. घरी जेवणाच्या टेबलावर आम्ही स्नेह्यांचे अभिनंदन केले आणि त्या शपथेचा विषय काढला. ते हसून म्हणाले, ‘फादर, तुम्ही एवढं मनावर काय घेता? दोन मिनिटांची फॉर्मॅलिटी! आता अमेरिकेला व्हिसाशिवाय जाता येईल, हे महत्त्वाचं.’ आम्ही म्हणालो, ‘तुझं लग्न मीच लावलं. त्या दिवशी वेदीसमोर तू जे बोललास, त्यालाही जेवणाच्या पंगतीत फॉर्मॅलिटी म्हणाला होतास का?’ त्यांनी वाटी पुढे सरकवून विषय बदलला. त्याच टेबलावर त्यांची सोळा वर्षांची कन्या बसली होती. कॅनडात चौदा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला शपथ घ्यावी लागते. तिनेही सकाळी ती घेतली होती. बापाचे वाक्य ती ऐकत होती. स्नेह्यांना सांगूनच आम्ही हे लिहीत आहोत. त्यांचे मत अद्याप बदललेले नाही, आमचेही नाही.

आता प्रश्न असा की, त्या दोन मिनिटांत आमचे स्नेही नेमके काय बोलले? राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांच्याशी आपण एकनिष्ठ राहू, कॅनडाचे कायदे निष्ठेने पाळू आणि नागरिक म्हणून आपली कर्तव्ये पार पाडू, असे त्यांनी गांभीर्यपूर्वक सांगितले. इंग्रजांचे राज्य घालविण्यासाठी ज्यांच्या आजोबांच्या पिढीने तुरुंग भोगले त्यांच्या नातवांनी इंग्लंडच्या राजघराण्याशी निष्ठा वाहावी, हे अनेकांना खटकते. खटकणारे तेथेही आहेत. तीन अर्जदारांनी राणीच्या नावाची ही शपथ आपल्या विवेकाविरुद्ध आहे असे सांगून न्यायालयात दाद मागितली होती. ऑन्टारियोच्या अपील न्यायालयाने २०१४ साली त्यांचा दावा फेटाळला. शपथेतील राजपद ही एक व्यक्ती नसून देशाच्या लोकशाही राज्यव्यवस्थेचे प्रतीक आहे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे त्यांच्यापैकी एका प्राध्यापकाने शपथ घेतली आणि राजघराण्याशी निष्ठेचा भाग आपल्याला मान्य नाही असे लागलीच जाहीररीत्या सांगितले. त्या प्राध्यापकाशी आमचे मतभेद असू शकतात. परंतु त्याच्याविषयी आम्हांस आदर वाटतो. आपण उच्चारतो त्या शब्दांना अर्थ आहे, एवढे त्याने मानले. म्हणूनच तो भांडला. ‘फॉर्मॅलिटी’ म्हणणारा माणूस कधी भांडत नाही, कारण त्याने काही म्हटलेलेच नसते.

त्या शपथेत २०२१ साली एक नवी ओळ घालण्यात आली. कॅनडाच्या संविधानाने मान्य केलेले तेथील मूळ निवासींचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले करार यांचा उल्लेख आता नव्या नागरिकाला करावा लागतो. या ओळीमागे फार मोठे दुःख आहे. शंभरहून अधिक वर्षे मूळ निवासींची सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून वसतिशाळांत ठेवली गेली. त्यांची भाषा, त्यांची नावे, त्यांचे संस्कार हिरावून घेतले गेले. त्यांतील अनेक शाळा आपल्याच ख्रिस्तसभेच्या संस्था चालवीत होत्या. पोप फ्रान्सिस यांनी २५ जुलै २०२२ रोजी अल्बर्टा प्रांतातील मास्क्वासिस येथे जाऊन त्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. एक कॅथलिक धर्मगुरू म्हणून ती ओळ ऐकताना आमची मान खाली गेली. वसईहून गेलेल्या माणसाने ती मुले हिरावली नव्हती. तरीही नागरिक होताना त्या देशाचे ऋण तो आपल्या शिरावर घेतो. घराचा वाटेकरी होणारा केवळ माडीचा वाटा मागत नाही. त्या घरावरील कर्जही त्याच्या नावे लागते. हे सारे दोन मिनिटांत बोलून होते हे खरे. परंतु विवाहाचे वचन बोलायलाही दोन मिनिटे पुरतात आणि ते पाळायला जन्म अपुरा पडतो.

शपथेविषयी ख्रिस्ती माणसाने तरी अधिक सावध असावयास हवे. दहा आज्ञांपैकी दुसरी आज्ञा देवाचे नाव वायफळ घेण्यास मनाई करते. पर्वतावरील प्रवचनात तर प्रभू येशूने शपथांचा पसाराच नाकारला आणि माणसाच्या साध्या होकाराला शपथेचे मोल दिले. ख्रिस्तसभेने गंभीर व न्याय्य कारणासाठी शपथेस अनुमती दिली, ती या शिकवणीचा अर्थ ध्यानी घेऊनच. ज्याचा साधा होकारसुद्धा पक्का असला पाहिजे, त्याने शपथच पोकळ मानावी, यापरते अधःपतन कोणते?

आमच्या या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप पोटाचा. ‘फादर, पोटासाठी करावं लागतं.’ हा युक्तिवाद ऐकून मन द्रवते, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. कॅनडात कायम निवासाचा परवाना मिळालेला माणूस तेथे नोकरी करू शकतो, धंदा करू शकतो, घर घेऊ शकतो, सरकारी आरोग्यसेवेचा लाभ घेऊ शकतो. पाच वर्षांत दोन वर्षांचे वास्तव्य राखले की तो परवाना टिकतो. भाकर त्या परवान्याने मिळते. नागरिकत्वाने त्याहून वेगळे काही मिळते: मतदानाचा हक्क, निवडणुकीस उभे राहण्याचा हक्क आणि त्या देशाचा पासपोर्ट. म्हणजे पोटाचा प्रश्न सुटल्यानंतरच शपथेचा दिवस उगवतो. त्या दिवशी माणूस भुकेपोटी बोलत नसतो, स्वतंत्रपणे बोलत असतो. सीरियन आजोबांसारख्या निर्वासितांची गोष्ट निराळी. त्यांना परतायला घरच उरलेले नसते. आणि नवल असे की, तेच ती शपथ सर्वांत गांभीर्याने घेत होते.

दुसरा आक्षेप मनाचा. ‘कागद कॅनडाचा असला तरी मन भारतीयच आहे.’ मन भारतीय असू द्या. कोणतेही राष्ट्र मनाची झडती घेत नाही. सासरी नांदणारी लेक माहेर विसरत नाही, विसरू नयेच. गौरीगणपतीला, नाताळला, गावच्या सणाला तिचे पाय माहेराकडे वळतातच. पण ती सासरच्या घराला खाणावळ म्हणत नाही. ज्या देशाच्या रस्त्यांवर तुमची मुले वाढतात, ज्याच्या रुग्णालयांत तुमची आई बरी होते, त्या देशाच्या तोंडावर निष्ठेची शपथ घेऊन पाठीमागे ‘आपल्याला काय, पासपोर्टपुरतं’ म्हणणे हे भारतप्रेम नव्हे. असल्या प्रेमाने भारताचीही मान उंचावत नाही. आज ज्याने एका देशाला दिलेला शब्द हसण्यावारी नेला, त्याचे दुसऱ्या देशावरचे प्रेम तरी कोणी कशावरून खरे मानावे?

तिसरा आक्षेप चतुर आहे. ‘सरकारलाच ती औपचारिकता वाटते!’ यात तथ्याचा अंश आहे. करोनाच्या साथीत २०२० साली कॅनडाने हे समारंभ संगणकाच्या पडद्यावर घेण्यास सुरुवात केली. २०२३ च्या फेब्रुवारीत तर त्याही पुढचा प्रस्ताव आला: कोणाही अधिकाऱ्यासमोर उभे न राहता, संकेतस्थळावर एक कळ दाबून शपथ घेण्याची मुभा द्यावी. कारण काय, तर वेळ वाचेल. त्यावर तेथे टीकेची झोड उठली. विरोध करणाऱ्यांत माजी गव्हर्नर जनरल एड्रियन क्लार्कसन अग्रभागी होत्या. क्लार्कसनबाई स्वतः १९४२ साली हाँगकाँगहून लहान वयात निर्वासित म्हणून कॅनडात आल्या होत्या. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला त्या उंचावलेल्या हाताचे मोल कळते. वेळेचा हिशेब करणाऱ्या कचेरीला ते कळत नाही. सरकार चुकत असेल तर नागरिकाने त्याची चूक आपली सबब म्हणून वापरावी काय?

चौथा आक्षेप आपल्या देशाशी निगडित आहे. ‘भारताने दुहेरी नागरिकत्व दिले असते तर हा पेच उद्भवलाच नसता.’ ही मागणी करण्यास कोणाचीच हरकत नाही. परंतु जोवर कायदा तसा नाही, तोवर त्याच्याशी लपंडाव खेळू नये. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम असे सांगते की, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेणाऱ्या भारतीयाचे नागरिकत्व तत्काळ संपुष्टात येते. २००५ पासून मिळणारे ओसीआय कार्ड नावाने ‘नागरिकत्वा’चा भास देते, पण ते नागरिकत्व नव्हे. ते धारण करणाऱ्याला येथे मतदान करता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. असे असूनही परदेशी नागरिक झालेल्यांची नावे आपल्या गावच्या मतदारयादीत वर्षानुवर्षे तशीच राहतात. जुना भारतीय पासपोर्ट कपाटात जपून ठेवला जातो. आणि ऐन निवडणुकीच्या हंगामात सुट्टीवर आलेले पाहुणे बोटाला शाई लावून घेतात. कायद्याने हा गुन्हा आहे. आमच्या मते तो गुन्ह्याहूनही वाईट आहे, कारण त्यात दोन देशांची एकाच वेळी फसवणूक होते.

गोव्यात हा पेच आणखी गुंतागुंतीचा झाला. १९६१ च्या मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिकत्व मागण्याची वाट देतो. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करावयाची, इतकेच. तेथे हात उंचावणे नाही, समारंभ नाही, म्हणून ‘आम्ही फक्त नोंद केली’ असे म्हणत अनेकांनी भारतीय पासपोर्टही वापरात ठेवला आणि पुढे पासपोर्ट रद्द होण्याच्या, ओसीआय अडण्याच्या फेऱ्यात ते सापडले. ‘नुसती नोंद’ आणि ‘नुसती फॉर्मॅलिटी’ ही सख्खी भावंडे आहेत.

या उलट ज्यांनी भारताचे नागरिकत्व मागून घेतले, त्यांच्याकडे पाहावे. बेल्जियममध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू कामिल बुल्के १९३५ साली भारतात आले आणि १९५१ साली भारताचे नागरिक झाले. रामकथेच्या उगमावर त्यांनी हिंदीत प्रबंध लिहिला. १९६८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश आजही विद्यार्थ्यांच्या हाती आहे. भारताचे नागरिकत्व त्यांनी ‘काढले’ नव्हते. ते कमावले आणि आयुष्यभर फेडले. अगदी अलीकडचे उदाहरण गोव्याचेच. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात, आयुष्याचा मोठा काळ कराचीत गेलेल्या एका वृद्ध गोवेकर ख्रिस्ती गृहस्थांना गोव्याच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते भारतीय नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले. ते २०१९ च्या दुरुस्ती कायद्यानुसार देण्यात आले. त्या कायद्याविषयी मतभेद आहेत आणि धर्माच्या निकषावर नागरिकत्व द्यावे काय, हा प्रश्न आम्हांसही अस्वस्थ करतो. परंतु अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जन्मभूमीचे नागरिकत्व परत मिळविण्यासाठी धडपडणाऱ्या माणसापुढे तरी आपले ‘काढणे’ ओशाळावे.

आणि आता येथेच राहिलेल्या आपणां सर्वांविषयी. परदेशस्थांना चार शब्द सुनावून आपण सुटलो असे कोणी मानू नये. भारताचे नागरिकत्व मागणाऱ्या परकीयाला भारताच्या संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. ना राजा, ना पक्ष, ना पुढारी, केवळ संविधान. आपण जन्माने नागरिक, म्हणून ही शपथ आपल्या वाट्याला येत नाही. आपल्या वाट्याला येते ती शाळेची प्रतिज्ञा. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली ती तेलुगू भाषेत लिहिली आणि पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरून ती घरोघरी पोहोचली. उन्हात रांगेत उभे राहून, हात पुढे करून, पुढल्या मुलाच्या पाठीत बोट खुपसत आपण ती पोपटासारखी म्हटली. शिक्षकांनी अर्थ सांगितला नाही, आपण विचारला नाही. शब्द उच्चारणे आणि शब्द देणे यांत अंतर आहे, हे ज्या वयात शिकायचे त्या वयात आपण नेमके उलटे शिकलो. मिसिसागातील ती ‘दोन मिनिटांची फॉर्मॅलिटी’ तेथे जन्मलेली नाही. ती आपल्या शाळांच्या पटांगणात जन्मली. आपल्या शाळा म्हणताना त्यांत धर्मग्रामांनी चालविलेल्या शाळाही येतात, हे आम्ही विसरत नाही.

कॅनडाचा नागरिकत्व कायदा १ जानेवारी १९४७ रोजी अमलात आला. त्याआधी तेथील लोक कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होते. दोनच दिवसांनी, ३ जानेवारीस, ओटावा येथील सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत पहिला समारंभ झाला आणि पहिले प्रमाणपत्र स्वीकारले ते पंतप्रधान मॅकेंझी किंग यांनी. बहात्तर वर्षांचे, त्याच भूमीत जन्मलेले पंतप्रधान परदेशांतून आलेल्या नवागतांच्या सोबतीने उभे राहिले. जन्माने लाभलेली गोष्टही माणसाने एकदा समजून-उमजून हाती घ्यावी, हा त्या कृतीचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. परदेशात शपथेची तारीख ठरलेल्या कुटुंबाने त्या शपथेचे मराठी भाषांतर करून आदल्या रात्री मुलाबाळांसह वाचावे. ती मनापासून घेता येत नसेल तर घेऊ नये. कायम निवासावर आयुष्य सन्मानाने काढता येते. घ्यायची असेल तर ताठ मानेने घ्यावी, भारतीय पासपोर्ट वेळेवर परत करावा आणि गावच्या मतदारयादीतून नाव कमी करण्याचा अर्ज स्वतः भरावा. धर्मग्रामांनी परदेशी पासपोर्ट मिळाल्याबद्दल मिस्साबलिदानाअंती अभिनंदनाच्या टाळ्या वाजविणे बंद करावे; त्या कुटुंबासाठी, त्यांनी दिलेला शब्द पाळण्याचे बळ त्यांना लाभावे म्हणून, प्रार्थना करावी. आणि अठरा वर्षे पूर्ण केलेल्या आपल्या मुलामुलींना २५ जानेवारीच्या राष्ट्रीय मतदार दिनी एकत्र बोलावून, संविधानाची उद्देशिका अर्थासह वाचून, मग मतदाराची प्रतिज्ञा म्हणू द्यावी. घाई करू नये. कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर आधी विचारू द्यावेत.

आपल्या वसईचे जुने बागायतदार केळीच्या लोंगरांचा सौदा तोंडी करीत. कागद नसे, अंगठा नसे, साक्षीदार असला तर शेजारचा. भाव पडला तरी दिलेला शब्द फिरवीत नसत, कारण शब्द फिरविणाऱ्याच्या बागेत दुसऱ्या हंगामाला व्यापारी पाऊल ठेवीत नसे. त्यांची नातवंडे आज दोन भाषांत, न्यायाधीशांसमक्ष, हात वर करून शब्द देतात. त्या शब्दाला निदान केळीच्या लोंगराचा तरी भाव यावा.